तीनच फुलं

विठूआजो आज सकाळी दुसऱ्यांदा गेले.

पहिल्यांदा गेले तेव्हा गावाने त्यांचं नाव हुतात्मा स्मारकावर कोरलं.

हे मला आज दुपारी कळलं. अजून डोक्यात शिरत नाहीये.

आमच्या पेडण्याकडच्या गावात ते स्मारक आहे. पोर्तुगीजांच्या गोळीबारात गेलेल्या चार तरुणांची नावं. वर्षभर मी त्यांच्यावर रिसर्च करतेय. तिघांची घरं सापडली.

चौथा सगुण. त्याच्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

म्हणून शेजारच्या विठूआजोंकडे जायचे. ते रोज स्मारक झाडायचे, फुलं ठेवायचे. तीनच.

"आजो, एक राहिलं."

"रवांदी. तेका फुलांचो वास सोसणा नाय."

एकदा फोनवर रेकॉर्डिंग लावून विचारलं, सगुण कसा होता?

"भित्रो."

"हुतात्म्याला असं म्हणतात?"

"मेलेल्याक राग येणा नाय गो बाय."

मी हसले. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

आज भटजी विधी सुरू करणार, तेवढ्यात आजोंची धाकटी बहीण, तानीआजी, म्हणाली,

"भटजी, ह्येचे दिवस एकदा झालेत."

मग तिने सांगितलं.

गोळीबार सुरू झाला तसा सगुण पळाला. तेरेखोल नदी पोहून पलीकडे गेला. लाजेने घरी निरोपही धाडला नाही.

आईने देवळात कौल लावला. मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारलं, पोर आहे की नाही.

डावी पाकळी पडली. म्हणजे नाही.

आईने त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा जाळून दिवस घातले. गोवा मुक्त झाल्यावर गावाने दगडावर नाव घातलं.

आणि मग सगुण परत आला.

देवाचा कौल खोटा कसा म्हणायचा? जाणत्यांनी तोड काढली. सगुण गेला तो गेला. हा नवा जन्म.

मिशा फुटलेल्या मुलाला आईने मांडीवर घेतलं. मध चाटवला. कानात नाव सांगितलं. विठू.

"माका हसू इला," तानीआजी म्हणाली. "आवशीन थापड मारल्यान."

दगडावरचं नाव पुसा, असं आजो जन्मभर सांगत राहिले. "मी पळालंय. त्या तिघांच्या रांगेत माका नको."

गावाने पुसलं नाही. पुसलं तर कौल खोटा.

गावातली म्हातारी माणसं हे सगळं जाणून होती. आजोंच्या हातात होतं ते फक्त चौथं फूल. ते त्यांनी कधी ठेवलं नाही.

संध्याकाळी मी स्मारक झाडलं. चार फुलं नेली होती.

तीनच ठेवली.

चौथं आजोंच्या ओट्यावर, त्यांच्या झाडूपाशी ठेवून आले.

विठूआजो, हे तुमचं. सावकाश जावा.