काहून वेगळी?
कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला की मला नंदनवन वस्तीतलं ते छोटं वाचनालय आठवतं. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून तिथल्या कपाटांत तो पाला ठेवलेला असे. दर गुरुवारी दुपारी आम्ही काही बायका तिथे जमून एखाद्या कादंबरीवर बोलायचो. त्या दिवशीची कादंबरी जुन्या काळातली होती. त्यात सुनेला सती जायला भाग पाडतात आणि सासू गप्प उभी राहते. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून मी म्हणाले, "ती सासू खुनीच आहे. एक शब्द बोलली असती तर सून वाचली असती." तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या, एरवी कधीच न बोलणाऱ्या, पारशिवनीकडच्या एक आजी हळूच म्हणाल्या, "मॅडम, माह्या जावेले घरचे बाजूच्या खोलीत मारून राहिले होते, अन् मी भाकरी थापून राहिली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. मंग मीबी खुनीच नं?" मी घाईघाईने म्हणाले, "नाही हो आजी, तुमची गोष्ट वेगळी." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काहून वेगळी?" मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. चहा न घेताच त्या उठून गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. चार गल्ल्या सोडून त्यांचं घर होतं, तरी मी गेले नाही. आता वाटतं, त्यांना दिलासा नकोच होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी 'हो' म्हणावं, म्हणून त्या बोलल्या होत्या. पुस्तकातल्या बाईला मी जे बेधडक म्हणाले, ते समोरच्या बाईला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.