विमलचा उपडा गिलास

मुलांनो, विमलआजीला मी शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात. तापाने ओठ सोलवटले होते. पाणी पाजत राहा, असं डॉक्टर बजावून गेले होते. मी गिलास धरला. तिने दोन घोट घेतले, उरलेलं मला ओतायला लावलं आणि गिलास स्टुलावर उपडा घातला... "अगं, संडास इथे दाराशीच आहे," मी म्हटलं. ती हसली. "सवय लागली, वैनी." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेल्याचं सांगायला तिचा मुलगा आमच्या दारात आला.

तुमच्या बाहुल्यांचे झगे शिवणारी ती हीच. सावरगावला, जाम नदीच्या काठच्या गल्लीत ती राहायची आणि साऱ्या बायांचे ब्लाउज शिवायची. यंदा पुरात ती गल्ली बुडाली. पोहणाऱ्या पुरुषांनी दोर बांधून म्हाताऱ्यांना, शेळ्यांनासुद्धा बाहेर काढलं. गावाने त्या पोहणाऱ्यांना खांद्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. सगळ्यांची सोय शाळेत झाली. मी तिला आमच्याकडे बोलावलं, तर म्हणाली, "माह्या गल्लीतल्या बाया फरशीवर, अन् मी तुमच्या पलंगावर झोपू का?"

शाळेत पीठ होतं, चहा होता. एकुलता एक संडास मात्र गाळाने भरला होता. पुरुषांचं काही अडलं नाही. ते भिंतीआड, रस्त्याकडेला कुठेही जात आणि पुन्हा चहा घेत. बायांची जागा म्हणजे नदीकडचं पडीक रान, ते पाण्याखाली होतं. अंधार पडेपर्यंत त्यांना जाता येत नसे, म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं. दुपारी मी पोळ्या घेऊन गेले की वरांड्यात उपड्या गिलासांची रांग दिसे. "दूध आटून राहिलं, बाई," एक बाळंतीण म्हणाली. मांडीवरचं लेकरू रडून थकलं होतं. मी घरच्या चादरी नेऊन टांगल्या, तर पावसात भिजून त्या आरपार दिसू लागल्या.

तेव्हा विमलने गव्हाची रिकामी पोती मागून घेतली, दाभणाने शिवली आणि शाळेमागे बांबूंना पडदा बांधला. त्या दिवशी बाया पोटभर पाणी प्यायल्या. "पाह्य वं, कशी म्हशीसारखी पिऊन राहिली!" विमल एकीला चिडवत होती आणि साऱ्या खिदळत होत्या.

दुसऱ्या दिवशी धान्य वाटणारा गृहस्थ आला. भला माणूस, स्वतः पुरात उतरलेला. विमलला म्हणाला, "वैनी, बारदान वापस जमा करा लागते. कमी पडलं तं माह्यावर येते."

"अन् बायाइनं जावं कुठं?"

"अवो, लोकाइचे घरं गेले, तुमी पडद्याचं काय घेऊन बसल्या?"

"तुमी सकायी कुठं गेल्ते, भाऊ?"

आजूबाजूचे हसले. तो ओशाळला... आणि पोती घेऊन गेला. टाके विमलनेच उसवले, पोती फाटू नयेत म्हणून.

मग ती बायांना पाणी प्यायला लावायची आणि रात्री त्या शाळेमागे गेल्या की आडोशाला घोंगडं धरून उभी राहायची. आपल्यासाठी मात्र तिने कुणाला उठवलं नाही, स्वतः तहानलेलीच राहिली. लघवीला जळजळ सुरू झाली, तीही कुणाला सांगितली नाही. शाळेतली सोय पाहणाऱ्या कमिटीत सगळे पुरुष. ताप आला तेव्हा आम्हाला वाटलं, भिजल्यामुळे आला असेल. लघवीतलं विष अंगभर पसरल्याचं दवाखान्यात कळलं.

पुरात एकही माणूस दगावला नाही, असं गावात सगळे अभिमानाने सांगतात. विमल त्यात धरलेली नाही.

तिचं दाभण तिच्या मुलाने मला आणून दिलं. त्यात सुतळीचा तुकडा अजून ओवलेला आहे. परवा जामला पुन्हा पाणी चढलं आणि शाळा उघडावी लागली. मी पोळ्यांच्या पिशवीत दाभण टाकून गेले. पोती होती, पण सगळी भरलेली. मागचे बांबू तसेच उभे होते. वरांड्यात एका बाईने मला बसायला जागा केली, आणि त्यासाठी आपला उपडा गिलास जरासा बाजूला सरकवला.