उल्हासच्या समोरची खुर्ची

“गाऱ्हाणें घालूंक येना तर तोंड कित्याक उघडलेंस रे मेल्या?”

प्रेमा फोनवर ओरडत होती. मी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी माझ्या बायकोला आत स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू जात होता, आणि ती तिथूनच मान डोलावून प्रेमाला पाठिंबा देत होती. प्रेमाला तिच्या आमोण्याहून आमच्या पाळी गावात बोलायला फोनची तशी गरज नाही. बाई हेडमास्तरीण होती. निवृत्त झाली, पण आवाज अजून नोकरीवर आहे.

मी गप्प होतो. ‘दत्ता गप्प होता’ हे वाक्य आमच्या गावात कुणाला सांगितलं तर तो आधी माझी तब्येत विचारेल. पण त्या दिवशी मी तिचं सगळं ऐकून घेतलं...

आता वाचकहो, माझं आधी ऐकून घ्या. उभी हयात मी खाणीवर टिपर चालवला. अमावास्या नाही, ग्रहण नाही, जिथे म्हणून भूत आहे असं लोक सांगायचे त्याच वळणावर गाडी लावून मी डबा खाल्ला. एखादा देवचार भेटला असता तर त्याला लिफ्ट देऊन वर विडीही मागितली असती. पेडण्याच्या पुनवेला लोक अंगातली भुतं बघायला जातात, मी जायचो मिरचीभजी खायला. तेव्हा पुढचं लिहिणारा माणूस घाबरट आहे असं समजू नका. थापाड्या आहे असं समजलात तर ते मात्र मी चालवून घेईन, त्याची सवय आहे.

तर आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे — ‘जेवलास मरे?’ माणसं चारच. डिचोलीला शाळेत एका वर्गात होतो ते. मी, प्रेमा, हरमलचा शाणू आणि उल्हास. शाणू पूर्वी होडी घेऊन समुद्रात जायचा, आता पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो आणि होडीला नुसता रंग लावतो. तो लिहितो कोंकणी, तीही इंग्रजी अक्षरांत. प्रेमा त्याला शुद्ध मराठीत उत्तर देते आणि त्याच्या चुका काढते. मी लिहीतच नाही. माझी बोटं जाड, एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. प्रेमा ते कधीच ऐकत नाही. एकदा सासऱ्यांच्या श्राद्धाला सगळी पंगत बसलेली असताना तिने माझा एक ऐकला होता, तेव्हापासून बंद.

आणि चौथा उल्हास. पोर्तुगीज पासपोर्ट काढून आमच्याकडची निम्मी माणसं इंग्लंडला गेली, त्यांत हाही गेला. तिथे स्विंडन म्हणून गाव आहे, तिथे मुलाबरोबर राहतो. बायको तिथेच वारली. मुलगा रोहन गोदामात कामाला, दिवसभर बाहेर.

हा उल्हास म्हणजे आमच्या वर्गाचा भस्म्या. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, पों पों करत सायकलवरून आला की पोरं एकेक उंडा पाव घ्यायची, हा टोपलीत मान घालायचा. पोदेर वेगळ्या वाटेने जायला लागला होता, खोटं वाटत असेल तर शाणूला विचारा. भाताच्या ढिगावर माशाचं हुमण ओतून हा जेवायला बसला की बघणाऱ्याचं पोट भरायचं.

त्याच उल्हासचं आतड्याचं ऑपरेशन झालं, आणि जेवण सुटलं. चव नाही, भूक नाही, घास तोंडात फिरत राहतो. रोहनने मला फोन करून सांगितलं, काका, डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि पप्पा म्हणतात नळी घातली तर मी जगणार नाही. आवाज असा होता पोराचा, की मी लगेच प्रेमाला आणि शाणूला फोन लावले.

मग आम्ही तिघांनी ठरवलं की याला नुसतं बोलून भूक लावायची. रोज त्याच्या जेवणाच्या वेळी, म्हणजे आपल्याकडे उन्हं कलतात तेव्हा, ग्रुपवर खाण्याचा बाजार मांडायचा. शाणूने सुरुवात केली सुंगटांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, किसमुरीने, वर लिहिलं की पेजेबरोबर ही खाल्ल्यावर त्याची म्हातारी आजी दारात नाचली होती. प्रेमाने हळदीच्या पानातल्या पातोळ्या, अगदी पान सोलताना वाफ कशी येते तिथपासून. मी अळमी काढली. पावसात रोयणीवर — म्हणजे वाळवीच्या वारुळावर — उगवतात ती अळंबी. शाळा बुडवून आम्ही चौघांनी पाळीच्या डोंगरावर काजऱ्याच्या झाडाखाली ती शिजवली होती. मी सांगताना एकेक अळमी छत्रीएवढी केली, शाणूने तिच्याखाली पावसात दोन बकऱ्या बांधल्या. प्रेमाने लिहिलं, त्या दिवशी तुम्ही तिघे नुसते खात होता, धूर माझ्या डोळ्यांत. आम्ही हसून हसून लोळलो.

उल्हासने फक्त अंगठा पाठवला. रोज तेवढंच पाठवायचा. रोहन सांगायचा, ताट तसंच परत जातं.

त्या काजऱ्याखाली आमच्या राखणदाराचा दगड आहे. गावाची सीमा सांभाळणारा तो. उघड्यावर काही शिजवलं की पहिलं त्याचं पान काढून ठेवायचं, आणि काही मागायचं असेल तर गाऱ्हाणं घालायचं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो — एक जाणता माणूस मोठ्याने देवाशी बोलतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. जाणता माणूस, हं. मी नव्हे.

पण एका संध्याकाळी मला हुक्की आली. सोप्यावर बसलो, फोन तोंडापाशी धरला आणि घातलं दणदणीत गाऱ्हाणं. “बा देवा म्हाराजा, काजऱ्याखालच्या राखणदारा, आमचो उल्हास साहेबाच्या देशात पडलो आसा, ताच्या घशाखाली शीत उतरना. तर तू ताच्या समोर जाऊन बस, आणि ताट पुसल्याबगर ताका उठूंक दिऊं नको. तुका रोट दितां, सूर दितां, विड्यांचो कट्टो दितां...” असं बरंच. शाणूने तिकडून तीन वेगवेगळे आवाज काढून ‘व्हय म्हाराजा’ पाठवलं. उल्हासने पहिल्यांदाच हसण्याचं चित्र पाठवलं. मी खूश. रोट, सूर म्हणजे ती माडी, सगळं विसरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. रिकामं ताट. त्याच्या पुढच्या दिवशी पण. असं पुसलेलं की मांजरालाही त्यात काही सापडलं नसतं. प्रेमाने पातोळ्यांचं श्रेय घेतलं, शाणूने किसमुरीचं. रोहनने मला फोन केला आणि नुसता रडला, आनंदाने. मी बाजारात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मग एके दिवशी उल्हासने मला एकट्याला फोन केला. आवाज बारीक.

“दत्ता, तुवें धाडलेलो मनीस केन्ना वतलो?”

मी म्हटलं, कोण माणूस, कधी जाणार म्हणजे? तर म्हणाला, ताट घेऊन टेबलाशी बसलो की समोरच्या खुर्चीत येऊन बसतो तो. खांद्यावर कांबळ, पोटऱ्यांपर्यंत लाल माती. बोलत नाही, खात नाही, माझ्या तोंडाकडेही बघत नाही. नुसता माझ्या हाताकडे बघतो. हात थांबला की हातातली काठी जमिनीवर टेकतो, हळू. उठायला गेलो तर गुडघे ऐकत नाहीत. पहिले दिवस बरं वाटलं रे, कोणीतरी आहे म्हणून. आता पोट फुगतं तरी खावं लागतं. रोहन जास्त वाढून ठेवतो, मायेने. तेवढं सगळं.

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं औषधाच्या गोळ्या असतील, स्वप्नं पडतात. तो म्हणाला, असतील. आणि फोन ठेवला.

मग रोहनचा आला. हा पोरगा चार वर्षांचा असताना तिकडे गेलेला, त्याला राखणदार ठाऊक नाही, काजरा ठाऊक नाही. तो म्हणाला, “काका, पप्पांना काय झालंय कळत नाही. मी संध्याकाळी आलो तर दुपारचं ताट समोर, हात भातात, भात गार. उठताच येत नव्हतं त्यांना. डॉक्टर ओरडले — एवढं खाल्लं तर आतले टाके सुटतील म्हणाले.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि समोरची खुर्ची गरम होती. हीटर बंद होता. मी हात लावून बघितला.”

त्याला खुर्चीचं मी काही सांगितलं नव्हतं. उल्हासनेही सांगितलं नव्हतं, मी नंतर विचारून घेतलं.

तेव्हा मी प्रेमाला फोन केला, आणि तिने आधी माझं गाऱ्हाणं ऐकायला मागितलं. ऐकलं. आणि मग ते ओरडणं, ज्याने मी सुरुवात केली. दम घ्यायला ती थांबली तेव्हा एवढंच म्हणाली, “बोलावलेंस, काम सांगलेंस, आनी परत घरा वच म्हण सांगूंकच ना. तो थंयच बसतलो.”

गाऱ्हाण्याच्या शेवटी देवाला त्याच्या जागेवर परत बसवायचं असतं. बारक्या पोरालाही माहीत असतं ते. माझं तेवढंच राहिलं होतं, कारण मी शाणूच्या हसण्याची वाट बघत होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. शाणू हरमलहून स्कूटरवर आला, सुरेची बाटली पायांत धरून. प्रेमाने तांदळाचा जाड रोट भाजून आणला होता. विड्या माझ्या. डोंगर म्हणजे आता डोंगर नाहीच, खाण बंद पडून खड्ड्यात हिरवं पाणी साचलंय. पण काजरा आहे. सगळीकडून माती कापून नेली, या झाडाखाली मात्र मशीन घालायला कोणी तयार झालं नाही, त्यामुळे तेवढाच एक मातीचा खांब उभा, त्याच्यावर झाड आणि झाडाखाली दगड. मागच्या बाजूने वर चढायला अरुंद धार आहे. मी टिपरवाला, या खाणीत हजार वेळा गाडी फिरवली असेल, पण त्या धारेवर चढताना प्रेमाच्या पदराला धरून चढलो. लिहायला लाज नाही.

ऊन उतरत होतं. तिकडे उल्हासची जेवणाची वेळ. प्रेमाने व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर उल्हास, समोर ताट, चेहरा पिठासारखा. रोहन सुटी घेऊन त्याच्या मागे उभा. उल्हासच्या समोरची बाजू आम्हाला दिसत नव्हती, फोन तिकडेच कुठेतरी टेकवून ठेवलेला होता.

मी रोट ठेवला, सूर ओतली, विडी पेटवून दगडापाशी ठेवली. आणि गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं. खोकलो तर आमोण्याचे बगळे उडवणारा मी, कानात सांगितल्यासारखं बोलत होतो. चूक माझी म्हटलं. काम झालं म्हटलं. उल्हास आमचा आहे, त्याला आम्ही बघू. आणि मग — “आतां आपल्या जाग्यार येवन बस, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” प्रेमा म्हणाली. शाणू म्हणाला. या वेळी त्याच्या एकट्याच्याच आवाजात.

स्क्रीनवर उल्हासची मान वर झाली. समोरून वर, मग हळूहळू बाजूला, दाराकडे. उठून जाणाऱ्याकडे आपण बघतो तशी. रोहन विचारत होता, पप्पा, काय बघताय? उल्हास दाराकडेच बघत होता.

शाणूने माझा दंड धरला. काजऱ्याखाली सुका पाचोळा होता, वाऱ्याने फुगलेला. दगडाला टेकून, कोणी मांडी घालून बसावं तेवढी जागा दबत गेली. सावकाश. कुरकुर आवाज करत. मग आवाज थांबला. आम्ही तिघे पाठ न दाखवता उतरलो, आणि ती धार पाठ न दाखवता कशी उतरलो हेही एक कोडंच आहे.

आता तुम्ही विचाराल, गोळ्यांचा परिणाम का नसेल? असेल. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, हेही खरं. पाचोळ्याखाली सरडा असेल, घोरपड असेल. प्रेमा म्हणते तू काय वाटेल ते समज, पण यापुढे तोंड सांभाळ. खुर्ची गरम कशी, हे मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि मीही ज्याला त्याला विचारून थकलो. सांगताना इतर ठिकाणी मी मीठमसाला घालतो, इथे घालायला जागाच सापडत नाही.

नळी लागली नाही. वजन थोडं वर आलंय. ग्रुप चालू आहे, परवा खुब्यांच्या आमटीवरून शाणू आणि प्रेमा पुन्हा भांडले.

मध्ये मी उल्हासला एकट्याला फोन केला. विचारलं, नीट जेवतोस ना? आता भीती वाटत नाही ना?

“जेवतां रे,” तो म्हणाला. “समोर कोण नसलो की वेळ लागता.”