पाइपात पाणी होतं का वाफ?

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाई तं राहून जाईन! सकाळी एका वेल्डिंगच्या दुकानात कोणी म्हणे, "आपल्या मालाले तो बॉयलरचा कोड, म्हणजे सरकारी नियम, लागूच नाई," अन् मले ती केस जशीच्या तशी आठवली. मी फौजदार होतो, सातच वर्षं. मंग गुडघा गेला, नोकरी सुटली. नावं कोणाचीच लिहीत नाई.

गोंडपिपरीकडे उकड्या तांदळाची एक मिल. तिथी वाफेचा पाइप जोडावर फाटला. बॉयलर चालवणाऱ्या भाऊचा उजवा हात पार खांद्यापर्यंत भाजला. दुपारी ठाण्यात निनावी फोन. "साहेब, तो बॉयलरवाला पिऊन होता. पाण्याचा पाइप त्यानंच आपल्या मनानं वाफेच्या लाइनीले लावला." डायरीत नोंद झाली. मी बी घाईघाईत मसुदा लिहायले घेतला. निष्काळजीपणा, आरोपी तोच भाजलेला माणूस.

पण दवाखान्याच्या कागदावर साफ लिहून होतं, दारूचा वास नाई. मंग मी फोनचा नंबर काढला. निघाला मिलच्या मुनीमचा! तिथून माह्यं डोकं फिरलं.

पाइप बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याले ठाण्यात बोलावलं. चहा दिला. एवढंच विचारलं, "भाऊ, पाइप तुमचाच ना?"

"हो न साहेब. पण त्याले बॉयलरचा कोड लागू नाई. मी पाण्यासाठी देल्ला. कोणं वाफ सोडली, मले काय मालूम?"

मी कोडचं नाव तरी काढलं होतं काय! बिलावर नुसतं 'पाइप, चार नग'. मिलच्या मालकाचा जबाब बी तोच, शब्दाले शब्द. दोघांचंही बोट त्या भाजलेल्या हाताकडे.

बॉयलर तपासणारे साहेब आले. त्यांनी फाटका तुकडा उलटापालटा केला. म्हणाले, "नुसता पाइप पाहून कळत नाही. आत काय जाणार आणि किती दाबाने, ते आधी विचारायचं. पाणी असेल तर हा कोड नाही. एवढ्या दाबाची वाफ असेल तर पाइप, जोडाची फ्लँज, व्हॉल्व्ह, सगळ्यांना लागू. लोखंडाचा दाखला, वेल्डरचा दाखला, तपासणीचा शिक्का. इथे काहीच नाही."

म्हणजे सारं एकाच गोष्टीवर अटकलं. वाफ जाणार हे बनवणाऱ्याले मालूम होतं का?

दवाखान्यात गेलो. बॉयलरवाला म्हणे, "साहेब, नवी लाइन चालू करताना ज्यानं काम केलं तोच नारळ फोडते. आमच्या इथी तसंच हाये. त्या पाइपवाल्या भाऊनंच फोडला. कुंकू लावताना गरम पाइपले बोट लागलं, तं माह्यावरच खेकसला!"

"पुरावा?"

त्याची बायको उठली. ती मिलमध्येच धान वाळवते. "काऊन नाई? फोटो हाये न माह्याजवळ. पेढ्यासाठी कसा दात काढून उभा हाये, पाहा!"

फोटोत फॅब्रिकेशनवाला, कपाळावर टिळा, हातात नारळ, मागं वाफच वाफ.

तो फोन घेऊन मी ठाण्यात आलो अन् फॅब्रिकेशनवाल्याच्या पुढ्यात ठेवला. मंग म्हणे, "मालक म्हणला, कोड बॉयलरले असते, पुढच्या पाइपले नसते. म्या मानून घेतलं. शिक्क्याच्या मागं लागलो असतो तं सीझन निघून गेला असता. बोट लागलं तवाच समजलं होतं साहेब, हे चुकलं."

मसुदा फाडला. नव्यात मालक अन् तो, दोघंही. भाजलेल्या भाऊचं नाव आरोपीतून साक्षीदारात गेलं. जबाबावर अंगठा घ्यायले गेलो तं तो हसला, "उजवा तं शिजला, साहेब. डावा चालन काय?"

मले हसता आलं नाई. एक दिवस आधी त्याच माणसाले मी आरोपी लिहून मोकळा झालो होतो न.

तवापासून एक शिकलो. कोड लागू हाये का हे विचारणाऱ्याले मी समजावून सांगतो. न विचारताच "लागू नाई" म्हणणाऱ्याले बसवून घेतो, चहा देतो, अन् त्यानं नारळ कुठी फोडला ते शोधतो.

तुमच्यासोबत झालं काय असं? तुमी साधंच काही विचारलं, अन् समोरच्यानं न विचारलेल्याचं उत्तर देल्लं? सांगा न!