मंजुश्रीचा आयएमपी भूकंप

मंजुश्री मलप्पा खानापुरे हिला सीईटीत मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत, तेव्हा गंजगोलाई बाजारातल्या निम्म्या दुकानदारांनी मलप्पाच्या किराणा दुकानात येऊन त्याचं सांत्वन केलं. सन दोन हजार एकचं लातूर होतं ते. घरात कुणी वारल्यावर माणसं जशी आवाज उतरवून बोलतात, तशी ती बोलत होती. एक वर्ष रिपीट करू द्या, अमक्याच्या पोरीला दुसऱ्या वर्षी लागला नंबर, असं जो तो सांगून गेला. मंजुश्री स्वतः साखरेच्या पोत्यांमागे बसून शेंगदाणे खात होती, आणि खरं सांगायचं तर मनातून खूश होती. तिला नटी व्हायचं होतं.

हे तिनं घरात सांगितलं तेव्हा तिची आई उमाबाई भाकरी थापता थापता थांबली. "नटी? ते काय शिकायची गोष्ट हाय का गं?"

"असतंय अव्वा शिकायचं. मुंबईला शाळा हाय त्याची. पेपरात आलंय, नांदेडला येऊन निवडायलेत पोरं. मराठवाड्यातून तिघं घेणारेत."

उमाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. मलप्पानं नेहमीप्रमाणे मान खाली घातली आणि म्हणाला, "येकदा जाऊ दे की तिला."

मलप्पाला लेकीला नाही म्हणता येत नसे. गल्लीत त्याची यावरून चेष्टा व्हायची. गिऱ्हाइकाला चिमूटभर रवा जास्त न देणारा हा माणूस पोरीपुढे लोण्यासारखा मऊ का होतो, ते कुणाला कळत नव्हतं. घरातल्या तिघांना कळत होतं, पण त्या विषयावर आठ वर्षांत एक शब्दही निघाला नव्हता.

शेवटी उमाबाईनंच तोड काढली. नांदेडला एकदा जायचं. यादीत नाव लागलं तर मुंबई. नाही लागलं तर पंधरा जूनपासून रिपीटर बॅच, आणि नाटकाचं नावसुद्धा पुन्हा काढायचं नाही. मंजुश्रीनं शपथ घेतली.

नाटकाच्या शाळेचं पत्र आलं. दोन स्वगतं तयार करून आणा, एक गंभीर, एक हलकंफुलकं, प्रत्येकी दोन मिनिटं. एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावची मुलगी असती तर तिनं चार पुस्तकं चाळली असती आणि मनाला भिडेल ते निवडलं असतं. पण मंजुश्री लातूरची होती. तिनं पहिल्यांदा काय केलं, तर मागच्या वर्षांचे पेपर शोधले.

स्वगताचे कसले पेपर? पण मलप्पालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून मागच्या तीन वर्षांत त्या शाळेत गेलेली सहा मुलं हुडकून काढली. कुणाच्या आत्याला, कुणाच्या मामाला फोन लावले. कोणी काय सादर केलं होतं ते मंजुश्रीनं शंभरपानी वहीत लिहिलं. सहापैकी चौघांनी त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप केला होता. ढिगाऱ्याखाली मूल, वर माती उकरणारी आई. मंजुश्रीनं त्या ओळीखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं: आयएमपी.

"म्हणजे ह्यो प्रश्न येणारच," मलप्पा समाधानानं म्हणाला.

मग तिनं स्वतःच स्वगत लिहिलं आणि घोकलं. सकाळी दहादा, संध्याकाळी दहादा, हातात शेजारच्या राजशेखर सरांचं स्टॉपवॉच. हे सर एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे आणि रविवारी मोकळे असायचे. त्यामुळे तीन रविवार मंजुश्रीची टेस्ट सिरीज झाली. ओसरीवर सर खुर्चीत, मलप्पा आणि उमाबाई चटईवर. मंजुश्री गुडघ्यांवर बसून फरशी उकरायची आणि बरोबर एक मिनिट वीस सेकंदांनी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

"अश्रू चांगलेत," सर गंभीरपणे म्हणायचे, "पण हाक मारायच्या आधी आले. स्टेप चुकली की अर्धा मार्क गेला."

तिसऱ्या रविवारी तिला शंभरपैकी ब्याण्णव पडले. उमाबाईनं मात्र तिन्ही वेळा उठून भांडी घासायला घेतली. बाईला नाटक आवडत नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं.

बारा जूनला बापलेक पहाटेच्या एसटीनं निघाले आणि अहमदपूर, लोहा करत दहाच्या सुमारास नांदेडला उतरले. निवड एका शाळेच्या हॉलमध्ये होती. उकाडा असा की भिंतीला पाठ लावून बसवेना, त्यात लाइट गेलेली. म्हणून हॉलची दारं-खिडक्या सताड उघडल्या होत्या आणि व्हरांड्यातल्या पालकांना घरबसल्या नाटक बघायला मिळावं तसं आतलं सगळं दिसत होतं. आत तीन परीक्षक. मधल्या पिकल्या केसांच्या बाई वहीनं वारा घेत होत्या.

मंजुश्रीचा नंबर अकरावा होता. पहिला मुलगा परभणीचा. त्यानं भूकंप केला. दुसरी मुलगी धर्माबादची. तिनंही भूकंप केला. चौथी किनवटची होती, जिथं भूकंपाच्या त्या पहाटे फार तर फडताळातली भांडी वाजली असतील, पण तिनं असा काही ढिगारा उकरला की तिची बांगडी फुटली. आयएमपी प्रश्न सगळ्या मराठवाड्याला फुटला होता. सहाव्या भूकंपाला बाईंनी वहीनं वारा घ्यायचं थांबवलं आणि डोळे मिटले.

मंजुश्रीच्या पुढं रांगेत एक काळीसावळी, बुटकी मुलगी उभी होती. कमरुन्निसा तिचं नाव, गाव किल्लारीच्या बाजूचं. मामाबरोबर आली होती. मंजुश्रीनं मनातल्या मनात हिशेब केला, ही तर खऱ्याच गावची, हिचा भूकंप सगळ्यांत भारी होणार.

"तू पण तेच करायलीस ना?" तिनं घाबरत विचारलं.

"मी? न्हाई गं. बांगडीवाली करायले." कमरुन्निसा हसली. "अम्मीचा बांगड्यांचा धंदा होता आमच्या."

"पण तुमच्याकडं तर खरंच..."

"हाव. अम्मी गेली, धाकटा भाऊ गेला," ती शांतपणे म्हणाली. "मी कशाला करू भूकंप? येकदा झाला की."

आणि ती आत गेली. तिनं जी बांगडीवाली केली ती मी काय सांगू! समोर नसलेल्या एका लठ्ठ गिऱ्हाइकाचा हात तिनं असा दाबला, चोळला, त्याला साबण लावला, मधेच गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी केली, की तिन्ही परीक्षक पोट धरून हसले. खिडकीतले पालकही हसले. ती आईलाच उभी करत होती, हे तिथं फक्त मंजुश्रीला आणि त्या मामाला कळलं. मामा डोळे पुसत हसत होता.

मंजुश्रीला स्वतःची लाज वाटली. जिनं आई गमावली ती आईला हसत उभी करते, आणि आपण न पाहिलेल्या बाळासाठी एक मिनिट वीस सेकंदांनी रडतो. आपल्याला तो प्रश्न करता येणार नाही, हे तिला तिथल्या तिथं कळून चुकलं. मग करायचं काय? हलकंफुलकं स्वगत पाठ होतं, पण गंभीर हवंच होतं. आणि तिचा स्वतःचा असा भूकंप एकच होता, जो घरात कुणी काढत नव्हतं.

"अकरा नंबर. लातूर." बाईंनी यादीतून वाचलं आणि सुस्कारा सोडला. "भूकंपच ना?"

मंजुश्रीनं खिडकीकडे बघितलं. तिचा अप्पा, म्हणजे मलप्पा, तिथं नव्हता. चहा प्यायला गेला असेल. तिला हायसं वाटलं.

"हाव," ती म्हणाली. "पण आमच्या घरातला."

तिनं ओढणी कमरेला लुंगीसारखी गुंडाळली आणि ती मलप्पा झाली. धडपडत उठली, समोरचं काहीतरी जड कवटाळलं आणि दार ढकलून रस्त्यावर आली. "पळा! पळा! भूकंप!" धापा टाकत तिनं कवटाळलेल्या वस्तूवर हात फिरवला. "वाचलं! देवा महादेवा, वाचलं सगळं!" मग जरा वाकून नीट बघितलं. "तूप?" परत बघितलं. "पंधरा किलो तूप?"

हॉलमध्ये हशा उठला. बाई पुढं वाकल्या.

तेवढ्यात तिला अप्पा दिसला. खिडकीच्या गजांमागे, हातात चहाचा ग्लास, तोंड उघडं. थांबावं असं तिला वाटलं. चक्कर आल्याचं सोंग करावं, काहीही करावं. आठ वर्षं ती हे चित्र मनात घेऊन वावरली होती. दहा वर्षांची ती, आईच्या कमरेला घट्ट बिलगलेली, भिंतीवरून डबे कोसळतायत, आणि उघड्या दारातून दिसणारा बाप, एकटा, रस्त्यावर, डबा उराशी धरून. तिला त्याचा राग होता. नव्हता असं ती कुणालाही सांगत आली, पण होता.

ती थांबली नाही. खिडकीकडेच बघत बोलत राहिली. "उमा?" ती हळू म्हणाली. "उमे? मंजी कुठाय?" तिनं मागे वळून घराकडे बघितलं. "मी काय घेऊन आलो, काय घेऊन आलो मी हे?" तिचे हात सुटले. डबा पडला. आणि मग पाय आपोआप वळले. पुढचं तिनं ठरवलेलं नव्हतं. जमीन अजून हलत होती, सगळी गल्ली घराबाहेर पळत होती आणि ती एकटी उलट्या दिशेनं, दारातून आत, धुरळ्यात, दोन्ही हात पुढं करून पळाली. आत पोचेपर्यंत तिला कळलं, की हे खरंच असं झालं होतं. अप्पा आत आला होता. त्यानंच त्या दोघींना ओढून बाहेर काढलं होतं. आठ वर्षं तिनं त्याचं जाणं तेवढं जपून ठेवलं होतं आणि येणं साफ विसरून गेली होती.

ती रडत होती. किती सेकंदांनी, कुणास ठाऊक.

मग खिडकीतून घोगरा आवाज आला. "तूप नव्हतं ते."

सगळ्यांनी वळून बघितलं. पालकांनी बोलायचं नसतं हे मलप्पाला दारावरच्या पाटीवर वाचून पाठ होतं, पण आता तो भानावर नव्हता. "करडीच्या तेलाचा डबा होता, बाई," तो परीक्षकांना म्हणाला. "पोरगी लहान होती, तिला काय म्हाईत. बाकी सगळं तसंच झालंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही?"

"मीच त्यो," मलप्पा म्हणाला.

चार वाजता यादी लागली. पहिलं नाव कमरुन्निसाचं होतं, तिसरं मंजुश्रीचं. कमरुन्निसानं तिला मिठी मारली आणि तिच्या मामानं मलप्पाला पेढा भरवला. परतीच्या एसटीत मलप्पा लोह्यापर्यंत तिकिटाची घडी घालत-उलगडत बसला. लोह्यानंतर त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाला डब्याची सगळी हकिकत सांगितली आणि तो माणूस हसल्यावर स्वतःही हसला. अहमदपूरला नवीन माणूस बसला, त्यालाही सांगितली. मंजुश्री खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिली. तिला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उमाबाई दारातच उभी होती. "काय झालं?"

"लागलं नाव, अव्वा."

उमाबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग जरा नाराजीनंच म्हणाली, "तेच केलीस ना, ढिगारा उकरायचं?"

उत्तर मलप्पानं दिलं. "मला केली तिनं. मी डबा घेऊन पळालो ते. सगळ्यांसमोर." आणि तो बायकोच्या तोंडाकडे न बघता उंबऱ्यावर चप्पल काढायला खाली बसला.

उमाबाईनं त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. मग लेकीकडे वळली.

"आणि परत आले ते?" तिनं विचारलं. "ते केलीस का न्हाई?"

"केले, अव्वा."

"मग झालं तर," उमाबाई म्हणाली, आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला उठवू लागली. "चला आत. किती वेळ बसणार उंबऱ्यावर?"