चिडकीचं शून्य

ऑफिसात तिला सगळे चिडकी म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. दोन कीबोर्ड तिने टेबलावर आपटून फोडले होते आणि एका सहकाऱ्याची कॉलर धरली होती. काम मात्र चोख. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा जो कंपायलर, त्याची डागडुजी तिच्याकडे होती.

एकदा त्या कंपायलरच्या कोडमध्ये एकोणपन्नास वॉर्निंग निघाल्या. प्रत्येकीचं म्हणणं एकच, या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्यात, काही न भरताच ते वापरलंय. खरी किंमत शोधायची तर एकेकीला दिवस जाणार. साहेब तर डोक्यावर मिऱ्या वाटायला बसलेलेच. "शून्य घाल आणि मोकळी हो. वॉर्निंग गप्प बसली म्हणजे झालं." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भांडून दमली होती बिचारी. बिचारी कसली, तिला घरी जायचं होतं. तासाभरात तिने एकोणपन्नास शून्यं घातली.

त्यातल्या एका व्हेरिएबलमध्ये, एखादी तपासणी किती ठिकाणी लागते तो आकडा असायचा. शून्य म्हणजे कुठेच लागत नाही. मग कंपायलर ती खुशाल गाळून टाकायचा. पत्रा कापणाऱ्या मशीनच्या प्रोग्राममधली 'आत हात आहे का' ही तपासणी त्याने अशीच गाळली. त्या मशीनवर तिचा सख्खा धाकटा भाऊ कामाला होता. पातं खाली आलं आणि पत्र्याबरोबर त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. चौकशीत ती ओळ सापडली, सगळ्यात आधी चिडकीलाच.

भाऊ दवाखान्यातून आला तो धुमसतच. हातोडी समोर ठेवून जेवायला बसायचा. "ताई, ज्याने हे केलं तो सापडू दे मला. त्याचा हात ठेचतो की नाही बघ."

आठ दिवस तिने ऐकून घेतलं. नवव्या दिवशी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. "मीच ती. शून्य मी घातलं."

तिने सगळं सांगितलं, साहेबांचं नाव तेवढं घेतलं नाही. त्याने डाव्या हाताने हातोडी उचलली. तिने हात मागे घेतला नाही. पहिला घाव बोटांवर बसला, हाडं मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. दुसरा टेबलावर बसला, कारण डाव्या हाताने नेम धरायची त्याला अजून सवय नव्हती. मग तो हंबरडा फोडून रडला, आणि तिला दवाखान्यात त्यानेच नेलं.

आठवड्याने ती कामावर आली. डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत तिने एकोणपन्नासही शून्यं काढली आणि प्रत्येक जागी खरी किंमत शोधून भरली. साहेब मागे येऊन घाई करायला लागले की ती प्लास्टरमधला हात उचलून टेबलावर ठेवायची. साहेब निघून जायचे.