दुसरा बकरा

आमच्या मंडळीत बायबलातलं लेवीयचं पुस्तक वाचताना कोणी पेंगत नाही. शहरातले पाळक त्यातले बळींचे भाग टाळतात. त्यांना रक्त म्हणजे नुसता गाण्यातला शब्द. शहाद्याकडच्या आमच्या गावात मात्र बहुतेकांनी कधी ना कधी बापाला कोंबडं-बकरं कापून देवाला देताना पाहिलेलं आहे. कोणता भाग जाळायचा, कोणता याजकाने खायचा, हे ते कान टवकारून ऐकतात आणि मला मधेच अडवून प्रश्न विचारतात.

म्हणून इथला पाळक या नात्याने मी गुड फ्रायडेच्या आधी दर वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवसाचे दोन बकरे समजावतो. एक कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवतो, लोकांची पापं बोलून दाखवतो, आणि त्याला जिवंत रानात हाकलतात. मग मी म्हणतो, ख्रिस्त हे दोन्ही झाला; एकदाच, सगळ्यांसाठी. आता कोणाच्या डोक्यावर काही ठेवायची गरज नाही. हे वाक्य मला छान जमतं. त्याचा मला तोराही होता.

यंदा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "त्या बकरानं काय चुकनं व्हतं?"

उत्तर तयारच होतं. काहीच नाही, म्हणून तर तो त्या कामाला चालायचा. ते बोलता बोलता माझी नजर बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या बायकोवर गेली. वाक्य तसंच सोडून घाईने प्रार्थना केली आणि सभा संपवली.

अकरा वर्षांपूर्वी आमची चार वर्षांची मुलगी कपाशीवर फवारायचं औषध प्यायली. ते थंड पेयाच्या बाटलीत होतं, माठाशेजारी. नंदुरबारच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली. बाटली तिथे कोणी ठेवली, असं माझ्या आईने विचारलं. बायको रडत म्हणाली, झाडताना मीच वरून खाली घेतली असेल. ठेवली मी होती. फवारून उरलेलं औषध त्या बाटलीत ओतलं, हात धुवायला गेलो आणि विसरलो. आईसमोर मी गप्प राहिलो. असा माणूस दुसरा कोणी असता तर मी त्याला मंडळीत उभा केला नसता.

तेव्हापासून बायकोने प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेतलेला नाही. ताट समोर आलं की नको म्हणून मान हलवते. लग्नाकार्यात कोणाचं तान्हं मूल रडलं तरी ती उचलत नाही. मी आपला सांगत आलो, प्रभूने सगळं फेडलंय, स्वतःला माफ कर. सांगताना माझी जीभ झडली नाही.

त्या दिवशी सभेवरून आल्यावर ती ओट्यावर तूर निवडायला बसली. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "देवले कव्हय सांगं?"

त्याच दिवशी, मी म्हणालो. दवाखान्याच्या जिन्यात, गुडघे टेकून.

"मंग माफी भेटनी?"

मी हो म्हणून मान डोलावली. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. त्या जिन्यातून उठताना मला खरंच हलकं वाटलं होतं.

"त्याच दिन," ती म्हणाली. "अन् मी आजूनबी रोज पोरनी माफी मांगस."